काफिल्यापासून काट्यापर्यंत

माचामे गेटवर सकाळी पर्यटक नोंदवहीत नाव, वय, देश, पासपोर्ट क्रमांक लिहीत असतात, तेव्हा खरी गर्दी असते पलीकडच्या वजनकाट्यापाशी. हमाल आपापलं ओझं घेऊन तिथे रांगेत उभे असतात. एकाकडे गुंडाळलेला जेवणाचा तंबू, दुसऱ्याकडे गॅसची टाकी, तिसऱ्याच्या पोत्यात बटाटे-कोबी आणि वर सुतळीने आवळलेले अंड्यांचे ट्रे. रेंजर एकेकाचं ओझं काट्याला लावतो आणि आकडा मोठ्याने वाचतो. २० किलोच्या वर भरलं की वाटाड्या धावत येतो, दोन पुडकी काढून शेजारच्याच्या पोत्यात कोंबतो आणि पुन्हा वजन होतं. हे सगळं आटपेपर्यंत दुपार होते. मुंबई-पुण्याहून, बर्लिनहून, शिकागोहून आलेली, चालायला उतावीळ झालेली मंडळी तोवर डब्यातलं जेवण खात घड्याळाकडे बघत बसतात.

किलिमांजारोच्या चढाईची वाटचाल सांगायची तर ती या काट्यापाशी उभं राहून सांगावी, असं मला वाटतं. माथ्यावरच्या पाटीपाशी फोटो काढणाऱ्यांनी ती आजवर पुष्कळ सांगून झाली आहे.

५८९५ मीटर उंचीचा हा डोंगर आफ्रिका खंडात सर्वांत उंच. टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, केनियाच्या हद्दीला लागून उभा आहे. किबो, मावेन्झी आणि शिरा अशा तीन ज्वालामुखींचा मिळून तो बनला, आणि माथा किबोवर आहे. नेहमीच्या वाटांनी जाताना दोर किंवा बर्फाची कुऱ्हाड लागत नाही, फक्त पाय आणि फुप्फुसं लागतात. म्हणून वर्षाला ३५ ते ५० हजार लोक इथे येतात. मात्र एकट्यादुकट्याला वर सोडत नाहीत. परवाना असलेला वाटाड्या, नोंदलेले हमाल आणि मुक्कामांची आगाऊ नोंदणी असल्याशिवाय गेट उघडत नाही. एका पर्यटकामागे साधारण तीन-चार माणसं जातात, म्हणजे दहा जणांचा गट निघाला की मागे-पुढे तीस-चाळीस माणसांचं बिऱ्हाड चालतं. या व्यवस्थेला अध्यक्ष नाही, घटना नाही, वर्धापनदिनही नाही. तरी हिला संस्था म्हणायला हरकत नसावी, कारण तिचे रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत आणि तिच्यातले तंटेही तितकेच जुने आहेत.

सुरुवात काफिल्याची. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या मिशनऱ्याने विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ पाहिल्याचं कळवलं, तेव्हा लंडनमधल्या विल्यम कूली नावाच्या भूगोलपंडिताने घरबसल्या त्याला वेड्यात काढलं. पुढे बॅरन फॉन डेर डेकन १८६१ आणि १८६२ मध्ये येऊन गेला, पण बर्फापर्यंत पोचला नाही. त्या काळी किनाऱ्यावरून आत शिरायचं म्हणजे सगळं सामान माणसांच्या डोक्यावरून न्यावं लागे. त्सेत्से माशीमुळे बैल, घोडे टिकत नसत. कापडाचे तागे, मणी, तारेची भेंडोळी हीच वाटेतली नाणी, आणि तीही डोक्यावरच.

लाइपझिगच्या प्रकाशक घराण्यातला हान्स मायर १८८७ मध्ये बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन परतला. १८८८ मध्ये तर डोंगर दिसायच्या आतच, किनाऱ्यावर जर्मनांविरुद्ध अबुशिरीने पेटवलेल्या उठावात तो पकडला गेला आणि खंडणी भरून सुटला. १८८९ मध्ये तो तिसऱ्यांदा आला. सोबत लुडविग पुर्टशेलर हा आल्प्समध्ये मुरलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक होता. या वेळी मायरने एक गोष्ट नीट जुळवली. आधीच्या चढाया शिधा संपल्यामुळे अडत, तेव्हा त्याने वाटेवर टप्प्याटप्प्याने पडाव टाकले आणि पायथ्याच्या मारांगूहून दर काही दिवसांनी ताजा शिधा वर येत राहील अशी माणसं लावली. मारांगूचा मांगी, म्हणजे प्रमुख, मारेआले याची त्याला साथ होती. चढाईच्या तुकडीत दोन मुकादम, नऊ हमाल, एक स्वयंपाकी आणि एक वाटाड्या होता. पांगानीचा मुइनी अमानी वरच्या पडावात थंडीत मुक्काम ठोकून या दोघांसाठी रांधत राहिला. ३ ऑक्टोबरला दोघे बर्फात पायऱ्या खोदत विवराच्या कडेला पोचले आणि ६ ऑक्टोबरला माथ्यावर. त्या दिवशी पुर्टशेलरचा चाळिसावा वाढदिवस होता. मायरने शिखराला जर्मन सम्राटाचं नाव दिलं.

आजची सफर पाहिली तर तिचा सांगाडा मायरचाच आहे. तेच टप्प्याटप्प्याचे पडाव, तोच खालून येणारा शिधा, वर थांबून रांधणारा तसाच एक माणूस. बदललं ते इतकंच, की तेव्हा दोन पाहुणे होते आणि आता हजारो आहेत.

मायरच्या त्या वाटाड्याविषयी मारांगूत एक गोष्ट सांगतात. योहानी किन्याला लाउवो नावाच्या तरुणाला मारेआलेच्या सभेत आणलं होतं, रस्त्याची सक्तीची कामं चुकवत होता म्हणून. गोऱ्या पाहुण्यांना जंगलाची वाट दाखवायला मांगीने त्यालाच पाठवलं. १९८९ मध्ये पहिल्या चढाईची शताब्दी साजरी करताना, त्या मोहिमेतल्या एकाही आफ्रिकी माणसाचा सत्कार होत नाही हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, शोधाशोध झाली आणि म्हाताऱ्या लाउवोला पुढे आणलं गेलं. तो वारला १९९६ मध्ये. गोष्ट अक्षरशः खरी मानायची तर तो तेव्हा सव्वाशेच्या घरात होता, आणि हे पटत नाही. अनेक दशकं त्याने वाटाड्याचं काम केलं यात शंका नाही, पण १८८९ च्या मोहिमेत तो होता की मागून दोन आठवणींची सरमिसळ झाली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला यात खटकतं ते वेगळंच. पुर्टशेलरचा वाढदिवस तारखेनिशी ठाऊक असलेल्या जगाला वाट दाखवणाऱ्याचं नाव मात्र शंभर वर्षांनी हुडकावं लागलं. मारांगू गेटवर आता त्या वेळच्या वाटाड्या-हमालांच्या स्मरणार्थ पाटी आहे.

माथा दुसऱ्यांदा गाठला जायला १९०९ साल उजाडलं. तोवर हा मुलूख जर्मन वसाहत झाला होता. मारांगूच्या वाटेवर जर्मनांनी दोन झोपड्या उभारल्या आणि त्यांना बिस्मार्क आणि पीटर्स अशी नावं दिली. यातला कार्ल पीटर्स याच डोंगराच्या पायथ्याशी अधिकारी होता. आपल्या आफ्रिकी नोकराला आणि एका तरुणीला त्याने फासावर चढवलं, आणि पुढे त्यावरून जर्मन सरकारनेच त्याला बडतर्फ केलं. वर्षानुवर्षं हमाल त्याच्याच नावाच्या झोपडीशी ओझी उतरवत होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आले, पायथ्याच्या मोशी गावात माउंटन क्लब ऑफ ईस्ट आफ्रिका उभा राहिला, १९३२ मध्ये किबोच्या पायथ्याला तिसरी झोपडी झाली. मारांगूतल्या हॉटेलांनी शिधा, घोंगड्या, वाटाडे असं सगळं पुरवून पाहुण्यांना वर धाडायचा धंदा बसवला, आणि तिथून पुढे मोहिमेची सफर झाली.

विवराच्या कडेवरच्या जागांची नावं वाचत गेलं की त्या काळाचं हजेरीपुस्तक समोर येतं. रेल्वे इंजिनियर क्लेमेंट गिलमन १९२१ मध्ये जिथवर गेला तो गिलमन्स पॉइंट. किंग्सली लॅथम १९२५ मध्ये पत्नीसह आला, तिच्या नावाचा स्टेला पॉइंट. पास्टर रिचर्ड रॉइश डझनावारी वेळा वर गेला, त्याच्या नावाचं विवर. त्याला १९२६ मध्ये कडेवर गोठलेला बिबट्या सापडला, तर त्या बिबट्याच्याही नावाची जागा आहे. हेमिंग्वेने तो बिबट्या आपल्या कथेच्या सुरुवातीला घेऊन जगभर नेला. या सगळ्यांची ओझी वाहणाऱ्या, डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या चग्गा जमातीच्या माणसांपैकी कुणाच्या नावाचा पॉइंट तिथे नाही. बिबट्याचा आहे!

चग्गा मंडळी काही नुसतीच ओझ्याची माणसं नव्हती. डोंगराच्या दक्षिण उतारावर केळीच्या सावलीत कॉफी पिकवणारे हे कसलेले शेतकरी. १९३३ मध्ये त्यांनी कॉफीचा सहकारी संघ काढला, तो आफ्रिकेतल्या जुन्या सहकारी संस्थांपैकी एक. साखर कारखान्यांचं राजकारण जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला त्या संघाची कहाणी वाचताना फारसं काही नवीन वाटणार नाही. पण वाटण्यांत शेतं लहान होत गेली, कॉफीचा भाव पडत राहिला, आणि घरटी एखादा तरी तरुण ओझं उचलायला गेटकडे जाऊ लागला. डोंगरावरची मजुरी स्वस्त का, याचं निम्मं उत्तर या कॉफीच्या भावात आहे.

९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला. त्या रात्री लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा याने माथ्यावर मशाल पेटवली आणि झेंडा रोवला. सम्राटाचं नाव जाऊन शिखर ‘उहुरू’ झालं, म्हणजे स्वातंत्र्य. बिस्मार्कची झोपडी मंदारा झाली आणि पीटर्सची होरोंबो. दोन्ही नावं चग्गा प्रमुखांची.

पुढची दहा-पंधरा वर्षं घाईची. १९६३ मध्ये मोशीजवळ म्वेका इथे वन्यजीव व्यवस्थापनाचं कॉलेज निघालं, १९७१ मध्ये किलिमांजारो विमानतळ झाला, १९७३ मध्ये डोंगर राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला आणि १९७७ मध्ये ते उद्यान रीतसर खुलं झालं. मुहूर्त मात्र चमत्कारिक निघाला. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला आणि टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. तोवर पाहुणे नैरोबीला उतरून सहज इकडे येत. १९८३ मध्ये सीमा उघडेपर्यंत त्यांना आडवळणाने यावं लागलं. १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव गेलं, आणि नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला वाटाड्या सक्तीचा झाला. जो रिवाज होता तो कायदा बनला.

सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती वाटांची. मारांगूच्या वाटेवर झोपड्या आहेत, तिला लाडाने ‘कोका-कोला’ म्हणतात. माचामेची वाट तंबूंची, तिचं नाव ‘व्हिस्की’. पश्चिमेकडून लेमोशो, उत्तरेकडून रोंगाई. तंबूंच्या वाटा जास्त देखण्या आणि उंचीची सवय व्हायला जास्त सोयीच्या, त्यामुळे लोक तिकडे वळले. पण तंबू म्हटला की तो उचलणारा आला, टेबल-खुर्च्या आल्या, हल्ली तर सुटसुटीत शौचालयही येतं आणि ते साफ करणारा माणूस वेगळा येतो. पाहुण्यांची सोय वाढली तसा काफिला पुन्हा लांब झाला.

माचामेची वाट घ्या. गेट १८०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपलं कळसूबाई १६४६ वर संपतं त्याच्याही वर इथली सुरुवात. पहिला दिवस ओल्या, शेवाळलेल्या जंगलातून. दुसऱ्या दिवशी झाडं खुजी होतात आणि शिराचं पठार येतं. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत ४६०० मीटर चढवतात आणि संध्याकाळी बरांकोला ३९०० च्या घरात उतरवून झोपवतात. दिवसा उंच जायचं, रात्री खाली निजायचं, म्हणजे शरीर विरळ हवेला सरावतं. या वाटेवर माणसाहून उंच, खोडाला वाळक्या पानांचं लोकरीसारखं वेष्टण असलेले सेनेसिओ उभे असतात. मग बरांकोची भिंत, जिथे हात टेकून चढावं लागतं. पाहुणे कड्याला पोट चिकटवून सरकत असतात आणि बाजूने हमाल डोक्यावर वीस किलो घेऊन, हात न लावता, पुढे निघून जातात. पुढच्या तळावर ते आधी पोचायला हवेत ना, तंबू कोण उभारणार?

कारंगाच्या ओढ्यानंतर पाणी नाही. वरचा बराफूचा तळ ४६७० मीटरवर, पूर्ण कोरडा. तिथे पाहुण्याला मिळणारा चहा, सूप, हात धुवायला कोमट पाणी, हे सगळं कुणीतरी कारंगाहून कॅनमध्ये भरून डोक्यावर आणलेलं असतं. तिथे बादलीभर पाणी मागणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

मध्यरात्रीच्या सुमाराला बराफू सोडतात. ‘पोले पोले’, सावकाश सावकाश, हा वाटाड्यांचा रात्रभरचा घोष. त्यांची चाल इतकी मंद की पहिल्या अर्ध्या तासात धडधाकट माणसाला चीड येते आणि ५२०० च्या वर गेल्यावर त्याला तीच चाल फार वेगाची वाटू लागते. माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. वाटाड्या मधूनमधून प्रश्न विचारतो: नाव काय, काल जेवलात काय? उत्तर अडखळलं, पाऊल तिरकं पडलं, की तो हेडटॉर्च चेहऱ्यावर मारून बघतो. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज येऊ लागली असेल तर औषध एकच, खाली उतरणं. पैसे भरलेल्या, हट्टाला पेटलेल्या पाहुण्याला त्या अंधारात ‘परत फिरा’ म्हणायचा अधिकार वाटाड्याला आहे. सक्तीच्या वाटाड्याचं खरं समर्थन हेच. कड्याच्या वाटांचा धोका वेगळा. २००६ च्या जानेवारीत वेस्टर्न ब्रीचच्या वाटेवर दगड कोसळून तीन अमेरिकी पर्यटक मेले, तेव्हा ती वाट जवळजवळ दोन वर्षं बंद होती.

आता पैशाचं. उद्यानाची संवर्धन फी दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या मुक्कामाचे रात्रीला ५०, वर १८ टक्के व्हॅट. सात-आठ दिवसांचा हिशेब मांडला तर हजार डॉलरच्या आसपास रक्कम गेटवरच जाते. त्यात सवलत नाही. म्हणजे एखादी कंपनी सगळी सफर दीड हजारात देत असेल, तर काटकसर कुठे होते हे सांगायला हिशेबनीस नको. हमालाच्या मजुरीत होते, त्याच्या जेवणात होते, चौघांच्या तंबूत सात जण झोपण्यात होते. पूर्वी तर हमाल वाटेवरच्या गुहांत निजत, पाहुण्यांचं जेवण झालं की मोकळ्या झालेल्या तंबूत शिरत. फाटक्या बुटांनी, पातळ जाकिटाने वर गेलेली माणसं थंडीने दगावली आहेत.

२००३ मध्ये मोशीत हमालांसाठी एक संस्था सुरू झाली, किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट. तिची पहिली ओळख कपड्यांची खोली अशी होती. परदेशी गिर्यारोहकांनी दिलेली जाकिटं, बूट, हातमोजे हमालांना फुकट वापरायला मिळत, उतरल्यावर परत करायचे. दानधर्म म्हणून हे बरं होतं, पण प्रश्न मजुरीचा होता. मग संस्थेने कंपन्यांना अटी घालायला सुरुवात केली: मजुरी किती, जेवण किती वेळा, तंबू कसा, ओझं किती. त्या पाळतात की नाही हे पाहायला प्रत्येक सफरीतल्या एखाद्या हमालाकडूनच माहिती घ्यायची. सरकारचा किमान दर कागदावर असतानाही हातात पडणारी रक्कम वेगळी असते, हे त्यामुळे आकड्यांनिशी समोर येऊ लागलं. बक्षिशीचंही तसंच. शेवटच्या दिवशी पाहुणे पाकीट मुख्य वाटाड्याच्या हाती देतात आणि पुढे त्यातलं किती झिरपतं ते त्याच्या मनावर. त्यावर तोड निघाली ती साधी. रक्कम सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून दाखवायची.

चोरवाटा अर्थात आहेत. गेटवर ओझी कमी दिसावीत म्हणून जास्तीची माणसं रांगेत उभी करायची आणि वळण ओलांडलं की त्यांना घरी पाठवून त्यांचं सामान उरलेल्यांवर लादायचं, ही काही कंपन्यांची जुनी युक्ती. म्हणून तळांवरही वजन होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये डोंगराला मोठी आग लागली, शेकडो स्वयंसेवक ती विझवायला धावले. हमाल अन्न गरम करत असताना ती लागली, असं उद्यानाकडून लगेच सांगण्यात आलं. असेलही. ते अन्न कुणासाठी गरम होत होतं, याची चर्चा फारशी झाली नाही. २०२२ मध्ये होरोंबोला वेगवान इंटरनेट पोचलं आणि त्याची बातमी जगभर गाजली. केबल कारचा बेत मधूनमधून डोकं वर काढतो आणि प्रत्येक वेळी पहिला विरोध वाटाड्या-हमालांचा असतो. दिवसभरात वर जाऊन येणाऱ्या पाहुण्याला तंबू लागत नाही, ओझंही लागत नाही. बायकाही आता हमाल आणि वाटाड्या म्हणून दिसतात, संख्येने अजून थोड्या. आणि मायरने ज्यात पायऱ्या खोदल्या तो बर्फ विसाव्या शतकातच चार-पंचमांशाहून अधिक आटला आहे.

महाराष्ट्रातून जाणारे गट अलीकडे वाढले आहेत. २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, १५ ऑगस्ट या तारखा त्यांच्या आवडीच्या. माथ्यावर तिरंगा, भगवा, फेटा सगळं होतं. योगायोग असा की या तिन्ही तारखा तिथल्या कोरड्या हंगामात पडतात, त्यामुळे हौसेला हवामानाची साथ मिळते. स्वयंपाक्यांना चपाती, पिलाव, सांबुसा नवे नाहीत. किनाऱ्यावरच्या व्यापाराने हे पदार्थ स्वाहिली स्वयंपाकघरात कधीच नेले. वरण मात्र शिकवावं लागतं.

ही मंडळी बुकिंग करताना दोन प्रश्न हमखास विचारतात: शाकाहारी मिळेल ना, आणि समिट होण्याची खात्री किती? आणखी तीन विचारायला हवेत. हमालाला दिवसाची मजुरी किती आणि ती कुणाच्या हातून मिळते? त्यांना जेवण दिवसातून किती वेळा? आणि तंबूत किती जण झोपतात? मोशीतल्या चांगल्या कंपन्या याची उत्तरं न अडखळता, आकड्यांत देतात.